रिकाम्यावर पडलेला काटा: जुन्या पिकअपच्या पेट्रोल गेजची दुरुस्ती, तारीखवार

३ फेब्रुवारी

पिकअपचा पेट्रोलचा काटा रिकाम्यावर आडवा पडून आहे. टाकीत निम्मं पेट्रोल असलं तरी तिथेच. खड्ड्यांच्या रस्त्यावर जरासा उचलतो आणि पुन्हा खाली बसतो. आजवर किलोमीटर मोजून पेट्रोल भरत आलो. पण हौदा भरलेला असताना गाडी जेवढं पिते आणि रिकाम्या हौद्याने जेवढं पिते त्यात इतका फरक पडतो की तो हिशोब भरवशाचा नाही. आता हे काम धसाला लावायचं ठरवलंय. ज्यांच्या गाडीत हीच तक्रार आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून जे जे होईल ते इथे लिहीत जाणार आहे.

बहुतेक जण या तक्रारीत पहिल्याच दिवशी टाकी उतरवतात. मी ती शेवटी उघडणार आहे. टाकी उतरवणं हे या कामातलं सर्वांत जड, सर्वांत धोक्याचं आणि बऱ्याचदा अनावश्यक काम आहे.

आज फक्त वायरिंगचा नकाशा काढून वीज कुठून कुठे जाते ते पाहिलं. किल्लीपासून फ्यूज, फ्यूजपासून डॅशबोर्डवरच्या मीटरच्या मागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर, तिथून गेज, गेजपासून एक लांब तार चासीच्या कडेने मागे टाकीवरच्या सेंडरपर्यंत, आणि सेंडरच्या अंगातून अर्थ, म्हणजे चासीतून वीज परतण्याची जोडणी. सेंडर म्हणजे फ्लोटला (पेट्रोलवर तरंगणाऱ्या पोकळ डबीला) जोडलेला बदलता रेझिस्टर, एवढंच. या साखळीतली कुठलीही कडी तुटली की माझ्या गाडीत काटा रिकाम्यावर पडतो.

एक गोष्ट मात्र बसल्या जागी कळली. इंजिनच्या तापमानाचा काटा चालतोय. तो आणि पेट्रोलचा काटा एकाच स्टॅबिलायझरवर आहेत. म्हणजे फ्यूज शाबूत, स्टॅबिलायझरमधून वीज बाहेर पडतेय. शोध आता गेजपासून मागे घ्यायचा.

४ फेब्रुवारी

आपल्या गाडीचा सेंडर किती ओहमचा आहे हे माहीत झाल्याशिवाय पुढचं सगळं अंधारात. माझा रिकाम्याला ७३ आणि भरलेल्याला १० ओहमचा. १९८६ पर्यंतच्या फोर्ड पिकअपमध्ये हीच जोडी असते. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत नेमकं उलटं: रिकाम्याला ०, भरलेल्याला ९०. व्हीडीओ (VDO) कंपनीच्या गेजला बहुधा १० ते १८०, तेही चढतं. बाहेर मिळणाऱ्या सर्वसाधारण गेजांमध्ये २४० ते ३३ फार चालतं.

ही दिशा महत्त्वाची आहे. माझ्या प्रकारात तार तुटली तर काटा रिकाम्यावर, तार अर्थला टेकली तर भरलेल्यावर. ० ते ९० वाल्यांत तार तुटली की काटा भरलेल्याच्याही पलीकडे जातो आणि अर्थला टेकली की रिकामा दाखवतो. तुमचा काटा कुठे अडकलाय त्यावरूनच निम्मं निदान होतं.

आता चाचणी. सेंडर टाकीच्या माथ्यावर आहे. टाकी आणि हौद्याच्या तळामध्ये हात जाईल एवढी फट आहे. कपलर (तारेचा जोड) सुटतो, पण सेंडरला टाकीवर आवळून धरणारी रिंग फिरवायला जागा नाही. कपलर सोडला आणि गेजकडून आलेली तार १० ओहमच्या, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून चासीच्या घासून स्वच्छ केलेल्या जागेला जोडली. ही तार थेट चासीला टेकवून पाहण्याची पद्धत बरीच दिसते. माझ्यासारख्या बायमेटल (तापून वाकणाऱ्या दुहेरी धातूच्या पट्टीच्या) गेजला ती मानवत नाही, आतली तापणारी तार जास्त वेळ ते सोसत नाही. रेझिस्टर स्वस्त असतो, गेज नाही.

आधी जोडणी पक्की करायची, मग किल्ली फिरवायची. सोडताना आधी किल्ली बंद. टाकीजवळ ठिणगी पडता कामा नये. धाकट्या भावाला केबिनमध्ये बसवलं आणि मी मागे.

"हलला का रे?"

"अजून नाही... हलला, दादा. पाव... निम्मा... पाऊण..."

हा काटा सावकाश चढतो. आतली पट्टी तापून वाकते तसा तो सरकतो, त्यामुळे मिनिटभर थांबावं लागतं. पाच सेकंदांत हलला नाही म्हणून गेज मेला असं ठरवू नका.

"एफच्या रेघेच्या जरा पलीकडे जाऊन थांबला."

जरा पलीकडे का, हे वहीत नोंदवून ठेवलं आहे. आजचा निकाल एवढा की गेज जिवंत आहे आणि पुढून मागे आलेली लांब तार अखंड आहे. दोष सेंडरमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. डॅशबोर्ड उघडायची गरज आज तरी नाही.

५ फेब्रुवारी

कपलर सोडलेलाच ठेवून मल्टिमीटरने सेंडर मोजला. तार गेजला जोडलेली असताना ओहम मोजले तर आकडा चुकीचा येतो, म्हणून ती सुटी हवीच.

सेंडरच्या टर्मिनलपासून त्याच्याच पत्र्यापर्यंत ४१ ओहम. निम्म्या टाकीला हा आकडा शोभतो.

त्याच टर्मिनलपासून चासीपर्यंत मीटर काहीच दाखवत नाही. टाकीवर मुठीने हलकं ठोकलं तर आकडे क्षणभर उमटतात आणि विझतात. खड्ड्यांतलं काट्याचं ते उचलणं इथून येत होतं.

सेंडर बोलतोय, पण त्याचं बोलणं चासीपर्यंत पोचत नाही. टाकी लोखंडी आहे आणि लोखंडी पट्ट्यांनी चासीला आवळलेली आहे, तेव्हा अर्थ आपोआप मिळत असेल असं वाटतं. पण पट्ट्यांखाली रबर आहे, टाकीला रंग आहे आणि पेट्रोलची नळीही रबरी. विजेच्या दृष्टीने टाकी अधांतरी. तिचा सगळा भरवसा सेंडरच्या पत्र्यावरून चासीला गेलेल्या एका वीतभर तारेवर आहे.

खात्रीसाठी कपलर परत जोडला, किल्ली चालू केली आणि सेंडरचा पत्रा व चासी यांच्यामध्ये व्होल्ट पाहिले. अर्थ चांगली असेल तर इथे ०.१ व्होल्टच्या आत यायला हवं. माझ्या मीटरवर आकडे नाचत होते, शून्याजवळून दहाच्या वर आणि परत खाली. हे नाचणं म्हणजे मीटर बिघडल्याची खूण नव्हे. जुना स्टॅबिलायझर सरळ ५ व्होल्ट देत नाही, तो बॅटरीचे १२ व्होल्ट चालू-बंद, चालू-बंद करत सरासरी ५ साधतो. काटा आळशी असल्यामुळे त्याला ते जाणवत नाही, डिजिटल मीटरला मात्र प्रत्येक झटका दिसतो. अशा जागी जुना काट्याचा मल्टिमीटर जास्त उपयोगी पडतो.

८ फेब्रुवारी

अर्थची तार काढली. चासीकडच्या टोकाला बोल्टखाली गंज पापुद्रे धरून फुगला होता आणि थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी) त्यात रुतलेली. तारेचं आवरण बाहेरून धडधाकट दिसत होतं. बोटांनी दाबत गेलो तर थिंबलपासून चार बोटांवर ती मऊ लागली. आवरण चिरलं तेव्हा आत तांब्याच्या जागी हिरवट-काळी भुकटी निघाली. नुसती थिंबल बदलून भागलं नसतं, पाणी केशाकर्षणाने आत बरंच दूरवर गेलं होतं.

नवी जाड तार घेतली, दोन्ही टोकांना थिंबल दाबून बसवल्या, वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवली. चासीवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि मग वरून पेट्रोलियम जेलीचा थर दिला. क्रम हाच ठेवा. आधी लोखंडाला लोखंड भिडू द्या, मग वरून झाका. आधीच रंग किंवा जेली लावून त्यावर थिंबल ठेवली तर सगळी मेहनत पाण्यात.

किल्ली चालू केली आणि काटा उठून निम्म्यावर आला. पत्रा ते चासी आता ०.०३ व्होल्ट.

इथेच काम संपलं असतं, तर नोंदी इथेच थांबल्या असत्या.

१० फेब्रुवारी

टाकी गळ्यापर्यंत भरली. काटा पाऊणच्याही खाली थांबला. कपलर सोडून मोजलं तर २८ ओहम. १०च्या आसपास यायला हवे होते.

म्हणजे अर्थच्या मागे आणखी एक दोष दबा धरून होता. आता टाकीत हात घालावा लागणार हे नक्की. पण भरल्या टाकीशी झटापट करायची नाही. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं, ६० लिटरची भरलेली टाकी म्हणजे नुसतं पेट्रोलच ४५ किलोच्या घरात. म्हणून पेट्रोल वापरून संपवत जायचं आणि वाटेत अधूनमधून ओहम टिपत जायचं ठरवलं. एकाच पातळीवरचं माप सेंडरबद्दल फारसं सांगत नाही. उतरत्या पातळीची पूर्ण ओळ मिळाली तर दोष कुठे आहे ते न उघडताच कळतं.

१९ फेब्रुवारी

टिपलेले आकडे असे: २८, ३१, ३९, मग काहीच नाही, परत ५२, मग ६३, आणि ७४वर स्थिर. ७४ आला तेव्हा टाकीत किती उरलं होतं ते काठी घालून पाहिलं, बोटभर नव्हे, चांगलं वीतभर पेट्रोल होतं.

या ओळीतून दोन गोष्टी वेगळ्या निघतात. एक, मधल्या पट्ट्यात संपर्क तुटतो. तिथे काटा रिकाम्यावर पडतो आणि पातळी आणखी खाली गेली की परत उठतो. दोन, भरलेल्याला काटा कमी दाखवतो आणि पेट्रोल शिल्लक असतानाच रिकाम्याला टेकतो. म्हणजे फ्लोट प्रत्येक पातळीला असायला हवा त्याच्या खाली आहे. एक तर दांडी वाकलेली, नाही तर फ्लोट पेट्रोल प्यायलेला.

मधल्या खंडावरून आणखी एक निष्कर्ष निघतो. सेंडरमधली गुंडाळलेली बारीक तार तुटलेली असती, तर त्या जागेच्या खालची प्रत्येक पातळी मेलेली दिसली असती, कारण अर्थकडचं टोक भरलेल्याच्या बाजूला असतं. ५२ आणि ६३ दिसतात, म्हणजे तार शाबूत आहे. फक्त त्या पट्ट्यात संपर्क बसत नाही. साफसफाईने सुटण्यासारखं प्रकरण आहे.

तरीही नवा सेंडर मागवून ठेवला. उघडल्यावर हा वाचला नाही तर गाडी तशीच उभी राहायला नको.

२३ फेब्रुवारी

टाकी उतरवायची की हौदा उचलायचा? पिकअपवाल्यांना हा दुसरा मार्ग मोकळा असतो आणि तो वापरावा असं माझं ठाम मत आहे. टाकी खाली घ्यायची म्हणजे गाडीखाली आडवं पडून, तोंडाच्या वर पेट्रोल ठेवून पट्टे सोडायचे. हौद्याचे बोल्ट सोडून एक बाजू उचलली की सेंडर उभ्याने समोर येतो.

बोल्ट मात्र सहज सुटले नाहीत. गंज सोडवणारं तेल आदल्या दिवसापासून मुरत ठेवलं होतं. मागचे दोन बोल्ट डोक्यासकट गोल फिरू लागले, खाली नट धरायला दुसरा पाना आणि दुसरा माणूस लागला. यातच दुपार गेली. ग्राइंडर हाताशी होता, पण पेट्रोलच्या टाकीपासून हातभर अंतरावर तो चालवण्याचा विचारसुद्धा करू नका. हॅकसॉने हळूहळू कापा, वेळ जाऊ द्या.

उचलण्याआधी तीन गोष्टी सोडाव्या लागतात: पेट्रोल भरायच्या नळीचा हौद्याकडचा जोड, मागच्या दिव्यांचा कपलर आणि हौद्याची स्वतःची अर्थ. उचललेली बाजू जाड लाकडी ठोकळ्यांवर टेकवली. जॅकवर लटकत ठेवली नाही.

२४ फेब्रुवारी

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं. गाडी उघड्यावर, वाऱ्याला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचून राहते, म्हणून बंद गॅरेज नको आणि खड्ड्यावर गाडी नकोच. तारेचा तापणारा बल्ब असलेला दिवाही नको. अग्निशामक हाताच्या अंतरावर. रिकामी होत आलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण तिच्या पोटात द्रव कमी आणि वाफ जास्त. उरलेलं पेट्रोल हातपंपाने मंजूर प्रकारच्या कॅनमध्ये काढून झाकणं लावून दूर ठेवलं.

टाकीचा माथा आधी ब्रशने आणि ओल्या फडक्याने साफ केला. वर्षानुवर्षांची माती तिथे चिखलासारखी बसलेली असते, रिंग उघडली की ती सरळ आत पडते आणि मग फिल्टर तुंबल्याच्या तक्रारी सुरू होतात. रिंग कडक लाकडाच्या तुकड्याने आणि हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी डावीकडे फिरवली. पितळेची छिन्नीही चालते. पोलादी छिन्नी नको, ठिणगी पडते.

सेंडर सरळ वर ओढता येत नाही. दांडी आणि फ्लोट तिरके करत, गळ्यातून वाकवून काढावे लागतात. बाहेर आल्यावर फ्लोट कानाशी धरून हलवला. आत पेट्रोल खळखळलं. पितळी फ्लोट, सांध्याशी अगदी केसाएवढी चीर.

सेंडर धुऊन, वाळवून टाकीपासून दूर टेबलावर नेला. पत्र्याचं छोटं झाकण उचललं की आतली पट्टी दिसते. केसासारखी तार शेजारी शेजारी गुंडाळलेली, आणि त्यावरून घासत जाणारी पितळी जीभ. जुन्या पेट्रोलचा राळेसारखा तपकिरी थर सगळीकडे होता. जिभेच्या वाटेवर एक चकाकती रेघ पडली होती आणि बरोबर मधोमध, गाडी सर्वांत जास्त वेळ ज्या पातळीवर चालते तिथे, ती रेघ काळी पडलेली. जीभ त्या जागी पट्टीला टेकत होती, पण दाबत नव्हती.

मीटर लावून दांडी हाताने फिरवली. वरच्या टोकाला ११, खालच्या टोकाला ७४. टोकं बरोबर, दांडी वाकलेली नाही. काळ्या जागेवर मीटर कोरा. टाकीत असताना काढलेला अंदाज आणि टेबलावर डोळ्यांनी दिसलेलं, दोन्ही जुळलं.

२५ फेब्रुवारी

सफाई. पॉलिश पेपर इथे अजिबात वापरायचा नाही, ती तार इतकी बारीक असते की दोन हातांतच तुटते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, थर मऊ होऊ दिला, मग मऊ खोडरबराने तारेच्या वेढ्यांच्या दिशेने हलक्या हाताने पुसत गेलो. परत क्लीनर, परत खोडरबर. जीभ चिमट्याने किंचित, अगदी किंचित आत वाकवली. जास्त दाब दिला तर तीच तार कुरतडते. आता दांडी सावकाश वर नेली की काट्याच्या मीटरवर ओहम कुठेही न अडखळता उतरतात.

फ्लोटची चीर डाग देऊन बुजवता येते आणि पुष्कळ जण तसं करतात. मी केलं नाही. आत थेंबभर पेट्रोल किंवा नुसती वाफ उरली आणि वर तापलेला कावीया टेकवला, तर तो फ्लोट हातात फुटू शकतो. गरम पाण्यात बुडवून, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत आतलं सगळं घालवणारे आहेत. पण केसाएवढ्या चिरेतून सगळं गेलं याची खात्री कोण देणार? त्याच मापाचा नवा फ्लोट सहज मिळतो आणि तो नुसता दांडीला अडकवायचा असतो.

२८ फेब्रुवारी

मागवलेला नवा सेंडर आणि फ्लोट आले. सेंडरच्या खोक्यावर माझ्याच मॉडेलचं नाव छापलेलं. तसाच टेबलावर ठेवून मोजला: खाली २४०, वर ३३. हा बसवला असता तर टाकी भरल्यावरही काटा निम्म्याच्या आसपास अडकला असता आणि मी परत गेजवर संशय घेत बसलो असतो. दिसायला हुबेहूब, दांडीची लांबी तीच, रिंगही तीच. खोक्यावरच्या नावावर विसंबू नका, बसवण्याआधी दोन्ही टोकं मोजा. परत पाठवला.

फ्लोट मात्र बरोबर निघाला. जुन्या सेंडरला लावला.

१ मार्च

सेंडर टाकीत घालण्याआधी गेजला बाहेरूनच जोडून पाहिला. बॅटरी यासाठी जोडावी लागणार होती, म्हणून आधी टाकीचं तोंड जुन्या ओ-रिंगवर (गळती रोखणाऱ्या रबरी कड्यावर) रिकामी प्लेट आवळून बंद केलं आणि लांब तारेने सेंडर केबिनजवळ आणला. दांडी वरच्या टोकाला धरली. काटा एफच्या पलीकडे गेला. खालच्या टोकाला धरली. काटा ईच्या रेघेच्या वर थांबला, टाकीत अजून थोडं आहे असं सांगत.

४ फेब्रुवारीच्या चाचणीत १० ओहमवर काटा पुढे गेला होता, ती वहीतली नोंद आता कामी आली. भरलेल्यापाशी जास्त दाखवलं तर फारसं बिघडत नाही. रिकाम्यापाशी जास्त दाखवणारा काटा मात्र माणसाला आडवाटेवर उभा करतो. तापमानाचा काटाही पूर्वीपासून वरच्या अंगाला असतो हे आठवलं. दोन वेगळे गेज एकाच दिशेने चुकत असतील तर दोष दोघांच्या सामाईक जागेत, म्हणजे स्टॅबिलायझरमध्ये.

आता डॅशबोर्डवरचा मीटर उघडला. स्टॅबिलायझरच्या आत तापणारी तार असते, तिच्या उष्णतेने पट्टी वाकून संपर्क तुटतो आणि थंड झाली की परत जुळतो. त्या तापणाऱ्या तारेला अर्थ लागते, आणि ती मिळते डब्याला धरून ठेवणाऱ्या स्क्रूमधून. स्क्रूखाली धूळ आणि पांढरट बुरा होता. अर्थ कमकुवत, म्हणून तार कमी तापते, संपर्क जास्त वेळ जुळलेला राहतो आणि सरासरी ५च्या वर जाते. अर्थ पूर्णच गेली असती तर दोन्ही काट्यांवर सरळ १२ व्होल्ट आले असते.

स्क्रू, डबा आणि मागची जागा घासून साफ केली, स्क्रू परत आवळला. काटा वर एफच्या रेघेवर, खाली ईच्या रेघेवर. तापमानाचा काटाही जागेवर उतरला.

ज्यांचा स्टॅबिलायझर साफ करूनही सुधारत नाही त्यांनी ७८०५ या आयसीवर पर्याय बनवायला हरकत नाही, तो सरळ ५ व्होल्ट देतो. पण १४ व्होल्टचे ५ करताना तो तापतो, तेव्हा त्याला धातूच्या पत्र्यावर चांगला आवळा.

२ मार्च

जुळवाजुळव. नवी ओ-रिंग घातली, जुनी आतापर्यंत चपटी झालेली असते, ती परत वापरू नका. सेंडर काढताना होता त्याच कोनात बसवला, रिंग उजवीकडे खाचेत बसेपर्यंत फिरवली. नवी अर्थची तार पत्र्यावर. हौदा अजून उचललेलाच ठेवला, कारण गळती आणि मापं दोन्ही आत्ताच पाहायची होती.

सपाट जागी गाडी उभी करून पेट्रोल पाच-पाच लिटरनी ओतत गेलो. ओतताना किल्ली बंद, भर घातल्यावर झाकण लावून थोडं थांबायचं, मग किल्ली चालू करून काटा स्थिर होऊ द्यायचा. ठळक टप्पे देतो:

५ लिटर: काटा ईवरच.
१० लिटर: काटा जेमतेम उचलला.
२० लिटर: पावाच्या किंचित वर.
३५ लिटर: निम्मा.
४५ लिटर: पाऊणच्या जवळ.
५५ लिटर: एफच्या रेघेला टेकला, ११ ओहम.

म्हणजे माझ्या टाकीत काट्यावरचा निम्मा हा ३० लिटरचा नाही. टाकीचा तळ एका बाजूला निमुळता आहे आणि फ्लोटची दांडी वर्तुळात फिरते, त्यामुळे काटा सगळीकडे सारख्या गतीने उतरत नाही. हा दोष नव्हे. खालचे सात-आठ लिटर काट्याला दिसत नाहीत, ते राखीव समजायचे. दांडी वाकवून हेही दाखवता आलं असतं. मी मुद्दाम तसं केलं नाही, ईवर काटा असताना पेट्रोल शिल्लक असलेलं बरं.

भरल्यावर रिंगभोवती कोरडं फडकं फिरवलं, वास घेतला, गाडी हाताने हलवून परत पाहिलं. कोरडं. मग हौदा खाली घेतला, सगळे बोल्ट नवे घातले.

२१ मार्च

रिकाम्या आणि भरलेल्या हौद्याने, चांगल्या-वाईट दोन्ही रस्त्यांवर गाडी चालवून झाली. काटा मधल्या पट्ट्यातून अडखळल्याशिवाय उतरतो. चढावर पाव भागाएवढा फरक दाखवतो, टाकी तिरकी झाल्यामुळे पेट्रोल एका अंगाला सरकतं, सपाटीवर आला की परत जागेवर.

वेळ सगळ्यात जास्त खाल्ला हौद्याच्या बोल्टांनी आणि चुकीच्या सेंडरची वाट पाहण्याने. खर्च म्हणाल तर तार, थिंबल, फ्लोट, ओ-रिंग, क्लीनर आणि बोल्ट. गेज जुनाच, सेंडर जुनाच, स्टॅबिलायझरही जुनाच.

आज गाडी गुडघाभर पाण्यातून नेऊन आणल्यावर पत्रा ते चासी परत मोजलं: ०.०३ व्होल्ट. मागच्या डाव्या दिव्याची अर्थ त्याच चासीच्या बोल्टवर येते आणि तो दिवा मंद पेटतोय. पुढचं काम ते.